बोर्डावर नाव लावायचं की हिशोब?

मंडळी, गेल्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की गावातला दुकानदार आणि गावातले महाराज, मौलवी, फादर यांनी मनावर घेतलं तर जे काम चार दिवसांत उभं राहतं ते ग्रामपंचायतीच्या ठरावांनी चार वर्षांत राहत नाही. झालं, पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा नुसता पाऊस! निम्म्यांनी कौतुक केलं, निम्म्यांनी झापलं, आणि काहींनी खरंच अडचणी विचारल्या, त्यातल्याच घेतल्यात. एक सांगून ठेवते, मी काही तज्ज्ञ वगैरे नाही. जुन्नर तालुक्यात मसाल्याचं छोटं युनिट चालवते, ७ बायका आहेत कामाला, आणि १४ वर्षं गावच्या देवस्थानची खजिनदारकी गळ्यात पडलीय. जे चटके बसले त्यावरून लिहिते.

सासवडला आमची बेकरी आहे. माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते तेव्हा वडिलांपासून बिस्किटाचे पुडे वाटायची पद्धत आहे. पण ताई खरं सांगतो, पालखी पुढे गेली की कचऱ्याच्या गाडीत किती तरी पुडे न फोडलेले दिसतात. वाईट वाटतं. बंद करावं का?
— बेकरीवाले, सासवड

वाटणं बंद नका करू हो, पुडे बंद करा.

असं बघा, वारकऱ्याच्या खांद्याला एक पिशवी, हातात टाळ नाहीतर पताका, आणि सकाळपासून दर शंभर पावलांवर कोणीतरी पुडा हातात कोंबतंय. तो माणूस नाही म्हणत नाही, कारण प्रसाद म्हणून दिलेलं नाकारायचं कसं, मग घेतो आणि पुढे कुठेतरी ठेवून देतो. आम्हीही हाच शहाणपणा केलाय. एका वर्षी आमच्या बायकांनी पैसे काढून ४० डझन केळी नेली, तासाभरात संपली, आम्ही खूश, आणि मागून येणाऱ्या दिंडीतला एक म्हातारा आमच्याच सालीवरून घसरला. लागलं नाही फार, पण मला रात्रभर झोप नाही. त्याच दिंडीतली एक आजी मला म्हणाली, बाई केळं राहू दे, पायाला थोडं तेल दे आणि हा फोन जरा चार्ज करून दे, लेकाला सांगायचंय सासवडात पोचले म्हणून. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही खोबरेल, सात-आठ एक्स्टेंशन बोर्ड आणि दोन बाकडी एवढंच नेतो. गर्दी हटत नाही.

आता तुमचं. तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही, तुमची भट्टी रात्रभर पेटलेली असते! पावसात भिजून आलेल्या माणसाला पाय शेकायला गरम पाणी मिळालं तर तो तुमची बिस्किटं विसरेल पण तुम्हाला विसरणार नाही. आणि द्यायचंच असेल तर खारी-टोस्ट सुटे, डब्यात भरून, दिंडीची कोठी सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात द्या. प्रत्येक दिंडीचा स्वतःचा ट्रक असतो, तंबू असतात, स्वयंपाक असतो, पहाटेचा चहा असतो. कोठीवाल्याला आधी फोन करून विचारायचं, काय कमी पडतंय. कधी गॅसची टाकी असते, कधी दळण, कधी नुसतं मीठ. आणि बायकांच्या आंघोळीला आडोसा आणि पाणी हे तर कायमचंच कमी. सासवडात ज्यांच्याकडे गोडाऊन आहे त्यांनी दोन दिवस ते बायकांसाठी उघडून दिलं तर हजार पुड्यांएवढं झालं.

तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर यवत आहे ना, तिथलं पिठलं-भाकरी माहितीय का? घराघरांतून भाकऱ्या थापून येतात, देवळात मोठ्या कढयांत पिठलं शिजतं, आणि दमलेल्या माणसाला गरम जेवण मिळतं, साधं, पोटाला न बाधणारं. कोणाच्या भाकरीवर कोणाचं नाव नसतं, पण भाकरी कच्ची गेली तर गल्लीत चर्चा होते बरं का! आणि पुढे काटेवाडीला परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढपाळ मेंढ्यांचं रिंगण करतात. ज्याचा जो धंदा त्याचीच सेवा. न्हावी दाढी करून देतो, चांभार चपला शिवतो, डॉक्टर गोळ्या देतो. बेकरीवाल्याने भट्टी द्यावी, एवढंच म्हणणं आहे माझं.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सप्ताहाला दरवर्षी ५००१ देतो, यंदा सभामंडपासाठी ४० पोती सिमेंट पण दिलं. पावती मागितली तर म्हणे देवाच्या कामात कसली पावती, तुमचा विश्वास नाही का. भर मीटिंगमध्ये मला नास्तिक ठरवलं. मी चुकलो का? आणि या सिमेंटची टॅक्समध्ये सूट मिळते का?
— एक दुकानदार, बार्शी

नाही चुकलात. तुम्ही खिळे विकता तरी बिल फाडता ना? मग देवाच्या नावावर घेतलेल्या पैशाला बिल नको हे कुठलं शास्त्र.

आता नियम काय ते सांगते, सोपं करून. देवस्थान नोंदलेलं असेल तर ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली येतं, म्हणजे हिशोब ठेवणं आणि ऑडिट करून घेणं हे विश्वस्तांचं कर्तव्य आहे, उपकार नाहीत. मंडळ नोंदलेलं नसेल आणि सप्ताह, गणपती, जयंती अशा निमित्ताने वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, आणि कार्यक्रम झाला की जमाखर्च तिथे दाखवायचा असतो. गणपती मंडळांच्या पोरांना हे तोंडपाठ असतं, सप्ताह कमिटीतल्या मोठ्या माणसांना मात्र सांगायला गेलं की राग येतो.

टॅक्सचं म्हणाल तर थोडी निराशा होणार तुमची. देणगीवरची ८०जी ची टॅक्स सूट मिळायला आधी त्या संस्थेकडे ८०जी ची मान्यता पाहिजे. फक्त धार्मिक काम करणाऱ्या गावच्या देवळाला ती बहुतेक नसतेच. असली तरी २००० च्या वर रोख दिलेलं चालत नाही, चेक नाहीतर ऑनलाइनच. वस्तू दिली तर सूट नाही, म्हणजे तुमची ४० पोती गेली. वर तुम्ही नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर ८०जी चा विषयच संपला. तुमच्या सीएला विचारा म्हणजे झालं. सिमेंट दिलंत ते देवळासाठी दिलंत ना, मग दिलंत. पण पोती किती आली आणि किती लागली हे मात्र लिहिलं गेलंच पाहिजे.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मी खजिनदार झाले त्या पहिल्या सप्ताहानंतर एक काळा फळा घेतला, देवळाच्या पायरीशी उभा केला आणि खडूने सगळं लिहून टाकलं, जमा इतकी, गहू इतका, तेल २ डबे, आचारी इतके, मांडव इतका, शिल्लक इतकी. लोकं वाचायला थांबायला लागली. दुसऱ्या दिवशी एक जण तणतणत आला, २ डबे कसे, मी ३ दिलेत, माझा एक डबा कोणी खाल्ला! माझा तर चेहराच पडला. शोधाशोध केली तर तिसरा डबा स्टेजच्या खाली, ताडपत्रीत गुंडाळलेला सापडला, सीलसकट. फळा नसता तर तो माणूस मनात धरून बसला असता आणि पुढच्या वर्षी काहीच दिलं नसतं, आणि आम्हाला कधी कळलंही नसतं का दिलं नाही ते. आता तोच माणूस दरवर्षी फळा लिहायला खडू घेऊन येतो, अक्षर चांगलंय त्याचं.

तुम्ही पण भांडत बसू नका. सप्ताह संपला की एक फळा विकत घ्या, तुमच्याच दुकानात असेल, आणि कमिटीला भेट द्या. बघू कोण नाही म्हणतं.

मी आचारी आहे, बुलढाणा जिल्ह्यात सप्ताहांची कामं घेतो. एकादशीच्या महाप्रसादाला भगर असतेच. लोक आता भगरीला घाबरतात. कमिटी म्हणते काही होत नाही, स्वस्त बघा. मी काय करू?
— एक आचारी

दादा तुम्ही विचारलंत याबद्दल तुमचे आधी आभार, कारण हा प्रश्न कमिटीने विचारायला पाहिजे होता.

तुमच्याच जिल्ह्यात लोणार तालुक्यात सोमठाण्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. सप्ताह, एकादशी, भगर-आमटीचा प्रसाद, आणि रात्री शेकडो माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी. दवाखान्यात जागा पुरेना म्हणून झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवल्या होत्या, तो फोटो मी अजून विसरले नाही. ज्याने धान्य दिलं असेल त्याने श्रद्धेनेच दिलं असेल, ज्याने शिजवलं त्यानेही. पण श्रद्धेने बुरशी मरत नाही ना.

भगरीला बुरशी लवकर धरते, दमट हवेत तर फारच. आणि त्या बुरशीचं विष असतं, ते शिजवलं की जातं असं समजून चालू नका. म्हणून सुटी भगर, आणि सुटं भगरीचं पीठ तर अजिबातच, घेऊ नका. पॅकबंद घ्या, तारीख बघा, दुकानदाराचं बिल घ्या. मागच्या एकादशीची उरलेली पोती काढून कोणी दिली तर हात जोडून परत करा. पीठ करायचं असेल तर लागेल तेवढंच, आदल्या दिवशी. शेंगदाण्यांचंही तेच, खवट किंवा काळे पडलेले निवडून टाका. शिजवल्यावर लगेच वाढा. दुपारी ४ ला शिजवून रात्री कीर्तन संपल्यावर १० ला वाढायचं हे थांबलं पाहिजे, कीर्तनकार महाराजांनाच सांगा अर्धा तास आधी आवरा म्हणून, ऐकतात ते. आणि प्रत्येक पदार्थाची एक-एक वाटी झाकून वेगळी ठेवा फ्रीजमध्ये, काही झालंच तर डॉक्टरांना आणि अन्न-औषधवाल्यांना तपासता येईल, आणि तुमच्यावर उगाच ठपका येणार नाही.

कमिटी ऐकत नसेल तर सरळ सांगा, एकादशीला साबुदाणा, बटाटा, रताळं करतो, नाहीतर काम नको. एक काम गेलं तर जाऊ दे. महाराजांची इथे खरी गरज आहे, माईक त्यांच्या हातात असतो. कीर्तनातून एकदा म्हणाले ना की सुटी भगर आणू नका, तर सरकारच्या दहा पत्रकांचं काम होतं.

गोदाकाठी सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह बघा कधी जमलं तर. आजूबाजूच्या गावांतून भाकऱ्या गाड्या भरभरून येतात, आमटी तिथे शिजते. भाकरी आणि गरम आमटी. एवढ्या माणसांना पुरतं आणि बाधायची भीती कमी, उगाच नाही जुन्या लोकांनी ते ठरवलं. आम्ही हल्ली गोड पदार्थ तीन-तीन करतो आणि मग पातेली उरतात.

आमचे पॉवरलूम आहेत. मशिदीच्या इमामसाहेबांची इच्छा आहे की वरच्या हॉलमध्ये मोहल्ल्यातल्या मुलांसाठी अभ्यासिका करावी, कोणत्याही धर्माचं मूल आलं तरी चालेल. मी खर्च उचलायला तयार आहे. पण काही जण म्हणतात मशिदीत हे कशाला, आणि काही म्हणतात तुम्ही नाव करायला करताय. मन खट्टू झालंय.
— एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

भाऊ तुम्ही इचलकरंजीचे असून हे मला विचारताय? २०२० ला रमजान ईदच्या वेळी, सगळं बंद असताना, तुमच्याच शहरातल्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये गोळा करून आयजीएम या सरकारी हॉस्पिटलला आयसीयू उभं करून दिलं. नवीन कपडे, शिरखुर्मा यावरचा खर्च बाजूला ठेवला लोकांनी. त्या खाटेवर पडणाऱ्याला कोणी विचारलं होतं का तू कुठल्या गल्लीतला? त्याच वर्षी पुण्यात आझम कॅम्पस या शिक्षणसंकुलवाल्यांनी मशिदीचा हॉल क्वारंटाइनसाठी दिला होता. आणि जवळच तुमच्या कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, तिथे कोणाला कशाला हा प्रश्न पडत नाही. अभ्यासिकाच तर आहे!

पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, जकात म्हणजे धर्माने ठरवून दिलेलं दान त्याला चालतं की नाही, हे मात्र इमामसाहेबांना विचारा, मी त्यात पडणार नाही, तो त्यांचा अधिकार. आणि नावाचं म्हणाल तर दोन गोष्टी करा. एक, बोर्डावर तुमच्या फर्मचं नाव नको, लाइटबिल किती आलं, पुस्तकं कोणती घेतली, पंखा कितीला पडला एवढं दारावर लावा. दोन, तुम्ही स्वतः आठवड्यातून एकदा संध्याकाळी तिथे जाऊन बसा, हिशोबाची वही घेऊन बसा हवं तर. नाव करायला आलेला माणूस उद्घाटनाला येतो, मंगळवारी संध्याकाळी साडेसातला येत नाही, हे लोकांना बरोबर कळतं.

आणि मुलींची वेळ वेगळी ठेवणार असाल तर ती लवकरची ठेवा, अंधार पडायच्या आत घरी पोचल्या पाहिजेत. हे बहुतेक ठिकाणी कोणी लक्षातच घेत नाही.

परळला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. हॉस्पिटलमध्ये बाहेरगावचे पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक फुटपाथवर झोपतात. बघवत नाही म्हणून रोज १५ डबे फुकट देते. सहा महिने झाले, आता महिनाअखेर हात आखडतो. नवरा म्हणतो बंद कर. देऊळवाल्यांशी बोलू का?
— एक ताई, परळ

ताई, आधी एक कप चहा घ्या माझ्याकडून. आणि आता कागद-पेन घ्या.

एका डब्याचा खर्च खरा किती ते काढा. पीठ, भाजी, तेल, गॅस, डबा धुणारीची मजुरी सगळं धरून. आपण बायका स्वतःची मजुरी धरत नाही आणि मग म्हणतो परवडत कसं नाही. समजा एक डबा ४५ ला पडला, तर १५ डब्यांचे दिवसाचे ६७५ आणि महिन्याचे २० हजारांच्या वर. एका छोट्या केंद्राला हे झेपणार कसं! तुमचा नवरा वाईट नाही, त्याला हिशोब दिसतोय.

५ डबे तुमचे स्वतःचे ठेवा, बंद करू नका, कारण ती तुमची आतली ओढ आहे. बाकी १० साठी गिऱ्हाइकांना सांगा. काउंटरवर एक खिळा ठोका, कोणी जादा डब्याचे पैसे दिले की एक कूपन खिळ्याला अडकवायचं, कोणाला लागलं की तिथून काढून द्यायचं. देणारा ऑफिसला निघून गेलेला असतो, घेणारा नंतर येतो, दोघांना एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही. आणि कृपा करून फोटो काढू नका. कॅन्सरच्या पेशंटचा बाप डबा घेताना कोणाच्या तरी स्टेटसला लागतो, गावाकडे त्याच्या पाहुण्यांना दिसतो, याची कल्पना करा नुसती.

देऊळवाल्यांशी जरूर बोला. गुरुवारचं, संकष्टीचं जेवण कुठे ना कुठे उरतंच, ते फेकायच्या ऐवजी वेळेत तुमच्याकडे आलं तर दोघांचं भागेल, पण ताजं असलं तरच घ्या, सकाळचा भात संध्याकाळी घेऊ नका. आणि नातेवाइकांना राहायचं काय विचाराल तर त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता लिहून देत जा. आपल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हेच केलं बघा, दिवसा गाव झाडलं, रात्री कीर्तन केलं, लोकांनी दिलेल्या पैशाच्या धर्मशाळा बांधल्या पंढरपूर, नाशिक, मुंबईला, आणि स्वतः अंगावर चिंध्या. शेटजींकडून पैसे घ्यायला ते लाजले नाहीत कधी, कारण स्वतःसाठी मागत नव्हते. तुम्ही पण लाजू नका. तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्याला महिन्याला एक पोतं कणीक मागून बघा. फार तर नाही म्हणेल.

आणि हो, तुमचं अन्न-सुरक्षेचं रजिस्ट्रेशन आहे ना? छोट्या धंद्याला त्याची फी अगदी थोडी असते. फुकट दिलं म्हणून जबाबदारी कमी होत नाही.

दुबईत नोकरीला आहे, गावच्या शाळेला आणि मंदिराच्या धर्मादाय दवाखान्याला पैसे पाठवायचेत. कोणी म्हणतं परदेशी पैसा चालत नाही.
— एक वाचक, दुबई

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर बँकेतून, तुमच्या नेहमीच्या खात्यातून पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरत नाहीत. तुमचे जे मित्र दुसऱ्या देशाचे नागरिक झालेत, ओसीआय कार्डवाले, त्यांचा पैसा मात्र परदेशी धरतात आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए चं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन लागतं. म्हणून सगळ्यांचे गोळा करून एकाच्या नावाने पाठवू नका, संस्था अडचणीत येते. आणि दवाखान्यासाठी देताय तर मशीन देण्याआधी विचारा ते चालवणारा माणूस आहे का. सोनोग्राफीचं मशीन प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये पडून राहिलेलं मी स्वतः पाहिलंय, त्यापेक्षा एका नर्सचा वर्षाचा पगार दिला असता तर!

आमच्या गावात एक मोठे व्यापारी आहेत, दर पौर्णिमेला अन्नदान, महाराजांच्या पाद्यपूजेला पहिला मान. आणि दुकानातल्या पोरांचा पगार तीन-तीन महिने थकवतात. मी शिक्षक होतो, त्यातली दोन पोरं माझे विद्यार्थी. बोलावं का?
— निवृत्त शिक्षक, संगमनेर

बोला सर. पण त्यांच्याशी नाही, महाराजांशी बोला. चांगल्या व्यवहाराने धन जोडावं हे ज्यांच्या कीर्तनात दर वेळी येतं त्यांनी पाद्यपूजेच्या आधी एकदा एवढंच विचारावं, शेठ, पोरांचा पगार झाला का? चारचौघांत नको, आत बसून. महाराज विचारणार नसतील तर मग ते कुठले महाराज, पण ते मी तुमच्याजवळ बोलले, छापू नका असं संपादकांना सांगणार होते आणि छापलंच बघा.

आणि पोरांना सांगा हजेरीची, पगाराची नोंद स्वतःच्या मोबाईलवर ठेवत जा. वेळ आली तर कामगार कार्यालय आहे.

मी २६ वर्षांचा आहे, कल्याणला राहतो, पगार १८ हजार. वर्गणी द्यायला जीव जातो, पण काहीतरी करावं असं खूप वाटतं. पैसेवाल्यांनाच मान असतो का?
— एक तरुण, कल्याण

मान असतो पैसेवाल्यांना, खोटं कशाला बोलू. पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांचीच. पण तुला खुर्ची हवीय असं तुझ्या पत्रावरून वाटलं नाही.

मुंबईचे डबेवाले घे. आमच्याच भागातले, मावळ-खेड-जुन्नरचे, बरेचसे माळकरी. ऊन-पाऊस डबे पोचवून जे मिळतं त्यातून थोडं थोडं काढून या लोकांनी आळंदीला, भीमाशंकरला धर्मशाळा बांधल्या. एकाने लाख नाही दिले, सगळ्यांनी थोडे थोडे दिले.

आणि पैसे नसतील तर दिवस दे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेकरी असतात ना, पांढऱ्या कपड्यातले, चपला सांभाळणारे, वाढणारे, रांग लावणारे, ती माणसं पगारी नाहीत. शेतकरी, मास्तर, दुकानदार सगळे पाळीपाळीने येतात, आणि पाळी यायला वाट बघावी लागते. तिथले शिवशंकरभाऊ पाटील, २०२१ मध्ये गेले ते, एवढ्या मोठ्या संस्थानचा कारभार बघायचे पण संस्थानचा चहासुद्धा घेत नसत असं सगळे सांगतात.

शेगाव लांब पडेल तुला. कल्याणात तुझ्या घराजवळचं कुठलंही देऊळ धर, पुजाऱ्याला विचार की रोज येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी हल्ली कोण दिसत नाही. त्याला माहीत असतं, त्याच्याएवढं कोणालाच माहीत नसतं. दोन-तीन नावं मिळतील. रविवारी सकाळी जा, बीपीच्या गोळ्या आणून दे, लाइटबिल भरून दे, बँकेत हयातीच्या दाखल्याला घेऊन जा, तो नोव्हेंबरात लागतो आणि म्हातारी माणसं त्यासाठी हवालदिल होतात. सुरुवातीला दार उघडायच्या आधी आतून चार वेळा विचारतील कोण म्हणून. पुजाऱ्याचं नाव सांग. आणि पहिल्याच दिवशी चहाला बसू नकोस, दुसऱ्या खेपेला बस, तेव्हा नाही म्हटलंस तर त्यांना वाईट वाटेल.